प्रीमियम वसूल

विमानाचं तिकीट काढताना माणूस खिडकीच्या सीटसाठी जादा पैसे मोजतो. पाय लांब करायला मिळावेत म्हणून आणखी मोजतो. हॉटेल निवडताना बाल्कनी पाहिजे, बाल्कनीतून काहीतरी दिसलंही पाहिजे, म्हणून पुन्हा मोजतो. आणि सगळ्यात शेवटी 'प्रवास विमा' असा चौकोन पडद्यावर आला की तोच माणूस एकाएकी काटकसरी होतो.

आमच्या घरात कुणीही परदेशी निघालं की त्याचा विमा काढायचं काम माझ्याकडे येतं. सगळ्यांचे पासवर्ड लक्षात ठेवणं आणि बारीक अक्षरातलं वाचणं ही कामं ज्याला जमतात त्याच्या गळ्यात ती कायमची पडतात. विमा काढणं अवघड नाही. तो ज्यांचा काढायचा, ती माणसं अवघड असतात. यंदा काका-काकूंची पाळी होती.

"आपल्याला काय होणार आहे?" काका म्हणाले. दवाखान्यात पाय वर टांगून पडलेल्या प्रत्येक माणसानं हे वाक्य आधी कधीतरी म्हटलेलं असतं, असा माझा अंदाज आहे.

"काही झालं नाही तर पैसे परत मिळतात?" त्यांचा पुढचा प्रश्न.

"नाही."

"म्हणजे पैसे वसूल व्हायचे तर काहीतरी व्हायलाच पाहिजे!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते युरोपच्या नियमांनी दिलं. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर सक्तीचं आहे. ते सगळ्या शेंगेन देशांत चालणारं हवं आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात बसले पाहिजेत. तातडीचे उपचार, इस्पितळ आणि वेळ पडली तर माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च, हे सगळं त्यात यावं लागतं. हे मी मोठ्यानं वाचून दाखवत होते.

"जिवंत माणसाला ना?" काकूंनी विचारलं.

"कसंही."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काढ गं. यांचं काही झालं तर अनोळखी देशात मी एकटी कुठं कुठं सह्या करत फिरू?"

काकांना हा मुद्दा पुरेसा गंभीर वाटला नाही, पण व्हिसाचा वाटला. पोराबाळांचा सल्ला ऐकायचा नसतो, वकिलातीचा ऐकायचा असतो. तरी हार मानली तर ते काका कसले! त्यांच्या सहलीचे शेवटचे काही दिवस लंडनमध्ये होते. "लंडन शेंगेनमध्ये येत नाही ना? मग तेवढे दिवस विम्यातून वगळ."

"आणि लंडनमध्ये पडलात तर?"

"लंडनमध्ये मी जपून चालेन."

मग मी त्यांना इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची गोष्ट सांगितली. तिथल्या अपघात विभागात तपासणी फुकट होते, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. पण एकदा वॉर्डात भरती केलं की सूट नसलेल्या परदेशी पाहुण्याला ठरलेल्या दराच्या १५० टक्के आकारणी होते. काकांना आजाराचं भय नाही. स्थानिक माणसापेक्षा जास्त पैसे पडणार म्हटलं की मात्र त्यांच्या पोटात गोळा येतो. लंडन विम्यात आलं.

"तसंही आपली वकिलात असतेच की," त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. वकिलात नातेवाइकांना कळवते, डॉक्टरांची यादी देते. बिल मात्र भरत नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातंसुद्धा आपल्याच नागरिकांना तसं स्पष्ट बजावतं.

यानंतर आला फॉर्म. माझ्या मते प्रवास विम्यातला सगळ्यात धोकादायक टप्पा हाच. 'आधीपासून असलेले आजार' असा एक रकाना त्यात असतो आणि त्याच्यापुढे हो आणि नाही असे दोन गोल.

"नाही," काका म्हणाले.

"आणि बीपी?"

"बीपी नॉर्मल आहे."

"गोळी घेता ना?"

"गोळी घेतो म्हणून नॉर्मल आहे. नॉर्मल आहे म्हणजे बीपी नाही. मग गोळीचा संबंध येतो कुठं?"

तर्क बिनतोड होता, पण क्लेम तपासणाऱ्यांना तर्काशी देणंघेणं नसतं. परदेशात छातीत दुखलं की तिथला डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, रोज कोणती औषधं घेता? त्या वेळी माणूस घाबरून खरं सांगतो, ते केसपेपरवर उतरतं आणि तोच कागद विमा कंपनीकडे जातो. फॉर्मवर 'नाही' आणि केसपेपरवर 'दहा वर्षांपासून' असं दिसलं की क्लेम तिथंच फेटाळला जातो. आजार सांगितला तर प्रीमियम थोडा वाढतो, किंवा त्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच खर्च मिळेल अशी अट येते. पण निदान आपण कुठं उभे आहोत ते घरातून निघतानाच कळतं.

हे मी समजावत होते तोवर काकूंनी गोळ्यांचा डबा आणून टेबलावर पालथा केला. बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि एक अशी गोळी निघाली जिच्याबद्दल काका म्हणाले, "ही सहज घेतो." स्वतःची पाळी आल्यावर काकूंनी काहीच लपवलं नाही. गुडघा, दुसरा गुडघा, थायरॉईड, जिना चढताना होतं ते आणि पावसाळ्यात होतं ते. रकान्यातली अक्षरं संपली तरी त्यांचं चालूच होतं. कुणीतरी एवढ्या आस्थेनं विचारतंय म्हटल्यावर त्या खुलल्या होत्या.

पॉलिसीचा कागद आला तो जाडजूड. माझी पद्धत तो मागून वाचायची. पुढच्या पानांवर काय काय मिळेल ते मोठ्या अक्षरात असतं. काय मिळणार नाही, ते मागे. दारू पिऊन पडलात तर नाही. उपचारासाठीच परदेशी गेलात तर नाही. डॉक्टर नको म्हणत असताना गेलात तर नाही. साहसी खेळ, वेगळं कव्हर घेतलं नसेल तर नाही. "मी कुठं पॅराग्लायडिंग करणार आहे?" काका हसले. पण पंचाईत होते ती साध्या भाड्याच्या स्कूटरनं. त्या देशात चालणारा परवाना नसताना ती चालवली आणि घसरली, की बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. आणखी एक बारकावा आहे. संकट माहीत झाल्यावर घेतलेला विमा त्या संकटाला चालत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद झालं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. विमानतळावर अडकल्यावर ज्यांना विम्याची आठवण झाली, त्यांना त्या राखेचं काहीच मिळण्यासारखं नव्हतं.

काका मात्र भलत्याच पानावर अडकले होते. तिथं अपघातात गमावलेल्या अवयवांचा तक्ता होता. अंगठा २५ टक्के. तर्जनी १०. मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. काका डाव्या हाताचा पंजा दिव्यासमोर धरून एकेक बोट वाकवत होते. काकूंनीही आपला हात पुढे केला. "अंगठी घातलेलं बोट मधल्यापेक्षा स्वस्त? अंगठीचे वेगळे देतात का?"

"माणसाचा असा सुटा सुटा भाव लावतात?" काका अस्वस्थ झाले.

सुट्या भागांचं सोडा, अख्ख्या माणसाचा भावसुद्धा आता फार सुधारला आहे, असं मी त्यांना सांगितलं. इंग्लंडमध्ये १८४९ साली रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी निघाली आणि स्टेशनवर तिकिटाबरोबर विमा विकायला लागली. पहिल्या वर्गाचा प्रवासी तीन पेन्स देऊन हजार पौंडांचा व्हायचा. तिसऱ्या वर्गाचा एक पेनी देऊन दोनशेचा.

"आपलं तिकीट कुठल्या वर्गाचं आहे?"

"इकॉनॉमी."

"मग करंगळीचे दोनच टक्के धरतील," असं म्हणून काकांनी मूठ मिटली.

एवढ्या सगळ्याचा उपयोग काय, हे मी माझ्या मैत्रिणीमुळे जवळून पाहिलं होतं. एका म्युझियमच्या पायरीवरून ती पडली आणि मनगट मोडलं. इस्पितळाच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला तो विमा कुणाचा. कुठला हात, हे त्यांनी नंतर विचारलं. तिनं भरती होण्याआधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन केला होता, म्हणून कंपनी आणि इस्पितळ परस्पर बोलले. डिडक्टिबल म्हणून ठरलेली छोटी रक्कम तेवढी तिच्या खिशातून गेली. फोन न करता भरती झाली असती तर आधी सगळं बिल स्वतः भरा, मग कागद गोळा करा, मग परतफेडीची वाट बघा, अशी यात्रा झाली असती. तो क्रमांक मी काकांच्या पाकिटात, काकूंच्या पर्समध्ये आणि दोघांच्या फोनमध्ये घातला. फोन चोरीला गेला तर फोनमधला क्रमांक काय कामाचा?

काका-काकू निघाले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाजात निराळाच उत्साह होता.

"आली नाही!"

"कोण?"

"बॅग! तुझ्या काकूची आली, माझी नाही आली!"

लॉटरी लागलेला माणूस याहून संयमानं बोलतो. बॅगेचा टॅग त्यांनी जपून ठेवला होता आणि मी बजावल्याप्रमाणे विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवर तक्रार नोंदवून त्या रिपोर्टची प्रतही घेतली होती. तो कागद नसेल तर पुढे बॅग हरवल्याचं कुणाला पटवायला गेलं तरी अवघड जातं. विमानकंपनी किती देते, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरता येतं आणि कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर.

"एसडीआर म्हणजे कुठल्या देशाचे?"

"कुठल्याच नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे."

"ते मोडून कुठं मिळतं?"

एकवीस दिवस लांब होते. आमची पॉलिसी त्यापेक्षा उदार होती. चेक-इन केलेली बॅग बारा तासांहून उशिरा आली तर मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंचे पैसे बिलांवर मिळणार होते. विमान सकाळी नऊला उतरलं होतं. काकांनी दुपारी टूथब्रश घेतला, मोजे घेतले, मग दोन शर्ट घेतले. काकू सेलच्या रॅककडे वळल्या तर म्हणाले, "तिकडे नको, बिल आहे आपल्याकडे." पावत्यांचा क्रम लावून त्यांनी मला फोटो पाठवला. संध्याकाळी दर तासाला फोन यायला लागला. सहा वाजले, आली नाही. सात वाजले, आली नाही. आवाज चढत चालला होता.

आठ वाजून वीस मिनिटांनी रिसेप्शनवरून निरोप आला की बॅग घेऊन माणूस आलाय.

"त्याला बसवा," काका म्हणाले. "लांबून आलाय. जेवलाय का विचारा."

तो जेवला होता. पाच मिनिटांत त्यानं खोलीचं दार वाजवलं. काका बाथरूममध्ये शिरले आणि आतून नळ सोडून "आंघोळ चालू आहे, पाऊण तास लागेल" असं ओरडले. डिलिव्हरीच्या कागदावर बॅग मिळाल्याची वेळ आणि सही हवी होती. काकूंनी चष्मा लावला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, आठ वाजून पंचवीस मिनिटं.

त्या रात्री काका काकूंशी बोलले नाहीत. मला मात्र मेसेज आला: 'पस्तीस मिनिटांनी हुकलं. असो. लंडन अजून बाकी आहे.'