थायलंडचं सिनेट आणि ८४ मतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. थायलंडवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की नियुक्त वरिष्ठ सभागृह हा उतावळ्या बहुमताला लावलेला ब्रेक असतो, आपल्या राज्यसभेनेही तो लावलाय, आणि २०१६च्या सार्वमतात थाई जनतेनेच तो मान्य केला होता. लेखात मी सार्वमताचं नावही घेतलं नव्हतं. चूक माझी.

६१ टक्के लोकांनी होकार दिला, खरंय. पण राजवट लष्कराची होती आणि नव्या घटनेच्या मसुद्याविरुद्ध प्रचार करणाऱ्यांवर खटले भरले जात होते. त्याला मोकळा कौल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ब्रेक. त्या घटनेच्या कलम २५६नुसार घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांचं एकत्रित बहुमत तर लागतंच, शिवाय किमान एक तृतीयांश सिनेटर लागतात. तेव्हाचे २५० सिनेटर लष्करी राजवटीने बसवलेले. तिन्ही दलांचे प्रमुख तर पदामुळेच आत. म्हणजे खालचे पाचशेच्या पाचशे खासदार एका बाजूला आले, तरी ८४ सिनेटर मिळेपर्यंत घटनेतला स्वल्पविरामही हलत नाही. हा कसला ब्रेक? हा हँडब्रेक ओढून किल्ली खिशात टाकण्याचा प्रकार झाला.

नोव्हेंबर २०२०मध्ये लाखाच्या घरात सह्या असलेला नागरिकांचा घटनादुरुस्तीचा मसुदा संसदेत आला. सिनेट लोकांनी निवडावं, असंही त्यात होतं. बाहेर पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यांपुढे पोरं हवा भरलेली पिवळी बदकं ढालीसारखी धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी आत एकेकाचं नाव पुकारून मत घेतलं गेलं. सिनेटमधून त्या मसुद्याला पडलेली मतं एका हाताच्या बोटांवर मोजता आली. ज्यांना घालवायचं, परवानगी त्यांचीच!

राज्यसभेचं म्हणाल तर, सप्टेंबर १९७०मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी दुरुस्ती तिथे १४९ विरुद्ध ७५ अशी पडली. दोन तृतीयांशाला एक पूर्ण मतही कमी नव्हतं. पण तिथे नियुक्त १२च, बाकीचे आमदारांनी निवडलेले. आणि १९७१ची निवडणूक झाली, त्याच वर्षी तनखे गेले. थायलंडमध्ये २०२३ला मतदारांनी कौल फिरवला, तरी पंतप्रधानपदासाठी सर्वाधिक जागा जिंकलेल्या पक्षाचे नेते पिटा यांना दोन्ही सभागृहांच्या एकत्र मतदानात ३२४ मतं मिळाली, हवी होती ३७५. त्यांत सिनेटर १३.

मे २०२४मध्ये त्या सिनेटची मुदत संपली. नवे २०० सिनेटर नेमलेले नाहीत. व्यवसायगटांतल्या उमेदवारांनी ते आपसांत निवडलेत. एक तृतीयांशाची अट मात्र तशीच आहे, ८४च्या जागी ६७ एवढाच फरक.