रंगाचं नंतर बघू

जुन्या पुणेरी सोसायटीत बाथरूम फोडायचं ठरलं, की घरात पहिला वाद फरशीच्या रंगाचा. आयव्हरी की बेज? दोन्ही नमुने शेजारी धरले तरी मला एकच दिसतात, पण त्यावरून घरात दोन तट पडतात. पाण्याचा उतार किती, हे मात्र कुणी विचारत नाही. बाथरूम बिघडतं ते फरशीच्या खाली, आणि चर्चा चालते वरच्या आठ मिलिमीटरची.

‘फरशीवरच फरशी लावू, राडारोडा नाही,’ असं कंत्राटदार गोड आवाजात सुचवतो. मसाला धरून जमीन अर्धा इंच वर येते, दार घासायला लागतं आणि अंघोळीचं पाणी थेट बेडरूमच्या दौऱ्यावर निघतं. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी. म्हणून फोडाच. फक्त मिस्त्रीला पाइपसाठी बीम किंवा कॉलममध्ये झिरी मारू देऊ नका. ‘थोडंसंच’ या शब्दाची त्याची व्याख्या फार उदार असते.

फोडून झालं, की खरं काम: वॉटरप्रूफिंग. स्लॅब घासून साफ, भेगा भरलेल्या, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याने गोलाई दिलेली. पाइप स्लॅबमधून जातो तिथलं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने भरायचं, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. मग पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात. पहिला उभा, दुसरा आडवा, आणि मध्ये पहिला वाळू द्यायचा. भिंतीवर निदान एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. जेवणाच्या सुट्टीआधी पहिला आणि सुट्टीनंतर लगेच दुसरा हात मारणाऱ्या मिस्त्रीचा वेग पाहून हेवा वाटतो, पण तेवढ्यात पहिला वाळत नाही.

यानंतरची परीक्षा सगळ्यांना नकोशी. नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाला बोळा कोंबून दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. ‘काही होत नाही साहेब, उद्या फरशी सुरू करतो,’ हे वाक्य इथे हमखास येतं. त्याकडे दुर्लक्ष करून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जावं आणि त्यांच्या छताला टॉर्च लावावा. काकू आपली जुनी ओलही त्याच वेळी दाखवतात. ऐकून घ्यावं. पाणी उतरलं, तर आधी ट्रॅपचा बोळा तपासा. तो घट्ट असेल, तर कोटिंग पुन्हा.

उतार म्हणाल, तर सात फूट लांबीला दोन ते अडीच सेंटीमीटर. जमिनीला मोठ्या फरशा घेतल्या, की कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे उतार देताना त्या तिरक्या कापाव्या लागतात. ३०० बाय ३०० मिलिमीटरची खरखरीत फरशी बरी. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये सात फूट उंचीपर्यंत, दार वजा जाता, भिंतींना सुमारे १३७ चौरस फूट लागते. दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. नाहीतर आयव्हरी आणि बेज दोन्ही एकाच भिंतीवर येतात आणि घरातले दोन्ही तट जिंकतात.

कमोडची गंमत वेगळीच. एस-ट्रॅप, म्हणजे खाली जमिनीतल्या पाइपात सुटणारा कमोड. तो नऊ इंची म्हणजे पाइपचा मध्य भिंतीपासून नऊ इंच, पण तयार भिंतीपासून. प्लास्टरपासून मोजलं, की मसाला आणि फरशी मिळून पाऊण इंच खातात आणि टाकी भिंतीला टेकते. शॉवर आणि नळात पाणी वळवणारा डायव्हर्टर भिंतीत बसतो; त्याच्या प्लास्टिक टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या दोन रेघा असतात. फरशीचा पृष्ठभाग त्यांच्यामध्येच यायला हवा. मिस्त्री सगळ्यात आधी ती टोपीच फेकतो. काळे मॅट नळ मात्र टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तिथे घेऊ नका, आठवड्यात पांढरे होतात.

फरशी लागण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो काढा, मापाची टेप लावून, पाइप कुठल्या उंचीवर ते दिसेल असे. टॉवेल रॉड लावायला येणारा ड्रिलवाला ते बघत नाहीच. भिंतीवर बोटाने टकटक करतो, कान लावतो, ‘इथं काही नाही’ म्हणतो आणि ड्रिल घुसवतो. त्यानंतर सगळं घर मेन व्हॉल्व्ह शोधायला लागतं. तो माळ्यावर, मोठ्या बॅगांच्या मागे असतो.