तुमची अमेरिका

रविवारच्या फोनवर सांगलीचे भावोजी ‘तुमची अमेरिका’ म्हणाले की ओळखावं, गाडी युद्धावर येणार. 1971 साली बंगालच्या उपसागरात पाठवलेली विमानवाहू युद्धनौका ‘एंटरप्राइझ’, मग व्हिएतनाम, मग इराक. त्यांच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी. ‘एंटरप्राइझ’वरून माझं त्यांच्याशी भांडण नाही. इराकवरून तर नाहीच. ज्या शस्त्रांच्या नावाने 2003 साली सैन्य घुसवलं, ती सापडलीच नाहीत.

पण इथे वीस वर्षं काढल्यावर मी आधी वेगळंच बघतो : लढायला कोणाची पोरं गेली? दुसऱ्या महायुद्धात सुमारे 1 कोटी 60 लाख अमेरिकन गणवेशात होते. व्हिएतनामच्या वेळीही भरती सक्तीची, पण कॉलेजात नाव असलं की पुढे ढकलता यायची. त्यावर ओरड झाली, तेव्हा 1 डिसेंबर 1969 ला जन्मतारखांची सोडत काढली : ज्याची तारीख आधी निघेल, त्याला बोलावणं आधी. वर्षाच्या 366 तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या आणि काचेच्या बरणीतून एकेक उचलली, टीव्हीवर, सगळ्यांसमोर. पहिली निघाली 14 सप्टेंबर. म्हाडाच्या घरांची निघते तशीच सोडत, फक्त इथे नंबर लागू नये म्हणून देव पाण्यात.

1973 साली सक्ती संपली. मेख तिथेच आहे, असं माझं मत. व्हिएतनामवरून कॉलेजं पेटली होती. अफगाणिस्तान वीस वर्षं चाललं आणि आमच्या ऑफिसात डबा खाताना कधी विषयसुद्धा निघाला नाही. आमच्यापैकी कोणाचंच पोर तिकडे नव्हतं. विमानतळावर गणवेशातला कोणी दिसला की ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ म्हणायचं, झालं. मीही म्हटलंय.

भावोजींना हे पटत नाही. ‘ज्याच्या घरावर बॉम्ब पडला, त्याला काय करायचंय कोणाचं पोर आलं होतं ते?’ यावर मी गप्प बसतो.

दोन वर्षांपूर्वी मुलाला अठरावं संपलं आणि ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’चं, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीसाठी नावं नोंदवून ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आलं. भरती नव्हे, नुसती नोंदणी. नागरिक असो की ग्रीन कार्डवाला, मुलग्यांना चुकत नाही. बायकोने ते दोनदा वाचलं. मुलाने गंमत म्हणून 1969 ची यादी शोधून काढली. त्याची तारीख 24 एप्रिल. नंबर दोन.

‘ताईंना फोनवर हे सांगत बसू नकोस,’ बायको म्हणाली.