‘खोटा निघाला तर कुणाचं काय जातं?’ नदीकाठच्या माणसाचं जातं

पुराच्या बातम्या सुरू झाल्या की व्हिडिओंखाली अशा अर्थाचा मजकूर हमखास येतो: “खरं-खोटं बघत बसू नका, सगळ्या ग्रुपवर टाका. खोटा निघाला तर कुणाचं काय जातं? सरकारी माहितीची वाट बघू नका, जास्त लोकांनी पाहिलं तर मदत पोहोचेल.” पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते. पण यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही.

आधी ‘काय जातं?’ हेच घेऊ. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. चिखली-आंबेवाडीची माणसं या आकड्यांवर लक्ष ठेवून सामान माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात. अशात रात्री कुणीतरी राधानगरीचे दरवाजे उघडल्याचा मागच्या कुठल्या तरी पावसाळ्यातला व्हिडिओ टाकतो. तिथले स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की उघडतातच, त्यामुळे दृश्य खरं असतं, फक्त वर्ष वेगळं. म्हाताऱ्यांना आणि दुभत्या म्हशीला घेऊन भर पावसात उगाच बाहेर पडलेलं घर पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्याला उठेल का? 2019 ला याच नदीचं पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तिथे उशिरा उठणाऱ्याला बोटीशिवाय वाट नसते. शिवाय घबराट पसरवणारा खोटा इशारा देणं किंवा पुढे पाठवणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 नुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

‘जास्त लोकांनी पाहिलं तर मदत पोहोचेल’ यात थोडं तथ्य आहे. केरळात 2018 च्या महापुरात छतांवर अडकलेल्यांनी व्हिडिओ टाकले, आणि त्यातून सुटकाही झाल्या. पण बोट न्यायला पत्ता लागतो, जवळची खूण लागते, किती माणसं आहेत, आजारी कोण, हे लागतं. ते नसलेला आक्रोश हजार ग्रुपवर फिरला तरी बोट कुठे वळवायची? आणि कुटुंब सुखरूप बाहेर आल्यावरही तोच व्हिडिओ फिरत राहतो, त्यांच्यासाठी फोन येत राहतात, आणि खरंच अडकलेल्याचा फोन लागत नाही.

सरकारी माहिती कधी कधी उशिरा येते, हे मान्य. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वीज नव्हती, फोन लागत नव्हते, मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागला होता. पण माहितीचा दुष्काळ असतो तेव्हाच दुसऱ्या गावचा व्हिडिओ सर्वांत जास्त घात करतो, कारण तो खोडून काढायला तिथून कुणी बोलूच शकत नाही.

म्हणून पाठवणाऱ्याला विचारा: हा तू स्वतः काढलास का? कधी, कुठून? उत्तर मिळालं तर ग्रुपच्या आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवा. बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावावा लागतो. आणि सुटका झाल्याचं कळलं की जिथे जिथे व्हिडिओ टाकला, तिथे तिथे तसं लिहा.