सोनची बँक उभी नाही. उभी आहे ती तिची भिंत

लंडनमधल्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडचा एक फोटो सध्या फिरतो आहे. खाली मजकूर असा: ‘१६९४ साली जॉन सोन या वास्तुकाराने बांधलेली ही इमारत आजही जशीच्या तशी आहे. चोरांच्या भीतीने तिला खिडक्याच ठेवल्या नाहीत. वारसा जपावा तर इंग्रजांनी!’ लोक तो पुढे पाठवतात ते या शेवटच्या वाक्यासाठी. नेमकी हीच इमारत त्या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देते.

आधी साल. १६९४ मध्ये बँक स्थापन झाली, तेव्हा तिला स्वतःची वास्तूच नव्हती. व्यापारी संघांच्या सभागृहांतून तिचा कारभार चाले. थ्रेडनीडल स्ट्रीटवर ती १७३४ मध्ये आली आणि तिथली पहिली इमारत जॉर्ज सॅम्पसनची. पुढे रॉबर्ट टेलरने ती वाढवली. सोन आला १७८८ मध्ये, टेलरच्या मृत्यूनंतर.

चोरांची गोष्ट अर्धवट आहे. जून १७८० मध्ये लंडनमधल्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीतला जमाव बँकेवर चालून आला होता. दंगल शमल्यावर शेजारचं सेंट ख्रिस्तोफर चर्च पाडलं गेलं, कारण त्याच्या मनोऱ्यावरून दंगेखोर बँकेवर मारा करतील अशी धास्ती होती. रात्रीच्या पहाऱ्याला सैनिकांची तुकडी येऊ लागली, ती थेट १९७३ पर्यंत येत राहिली. सोनची बंद भिंत या आठवणीत उभी राहिली आहे.

पण भिंतीपाशीच थांबलो, तर सोनचं मोठेपण हातातून निसटतं. रस्त्याकडे खिडकी नाही, मग आत कारकुनांनी खातेवह्या कोणत्या उजेडात लिहायच्या? त्याने उजेड वरून उतरवला. टेलरच्या दालनांची लाकडी छतं खराब झाली होती. बँक स्टॉक ऑफिस नव्याने बांधताना, १७९२ च्या सुमारास, सोनने भाजलेल्या मातीच्या पोकळ भांड्यांची कमानदार छतं रचली. आगीला ती दाद देत नसत आणि वजनाला हलकी होती. छताचा भार कमी, म्हणून खालचे आधार सडपातळ ठेवता आले आणि माथ्यावर काचेचे उंच झरोके उघडता आले. बंदोबस्ताची अडचण होती, तिच्यातूनच त्याने प्रकाशाची वास्तुकला काढली. मला तरी त्या काळातलं याहून देखणं उत्तर माहीत नाही.

आता ‘जशीच्या तशी’. हा दावा मला सर्वांत जास्त खुपतो. सोनने १८३३ पर्यंत, म्हणजे ४५ वर्षं, दालनामागून दालन उभं केलं. १९२५ ते १९३९ या काळात बँकेने ते जवळजवळ सगळं पाडलं. ना बॉम्ब पडला होता, ना आग लागली होती. पहिल्या महायुद्धानंतर काम आणि माणसं वाढली, जागा पुरेना, ही गरज खरी होती. पण तिची किंमत सोनच्या दालनांनी मोजली. नवी इमारत हर्बर्ट बेकरची, ज्याने दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक उभारले तोच. जमिनीवर सात मजले, खाली तीन. फोटोत भिंतीच्या वर जे खांब दिसतात, ते सगळं बेकरचं. सोनची म्हणावी ती बाहेरची भिंत, तीही पूर्ण नाही: इटलीतल्या टिवोलीच्या रोमन मंदिरावरून घडवलेला वायव्येचा कोपरा बेकरने बदलला आणि त्यातून पादचाऱ्यांसाठी वाट काढली. इंग्लंडच्या इमारतींची गावोगाव नोंद करणाऱ्या निकोलाउस पेव्हस्नरने या पाडकामाला ‘सिटी’तला, म्हणजे लंडनच्या जुन्या व्यापारी भागातला, विसाव्या शतकातला सर्वांत मोठा वास्तुगुन्हा ठरवलं. आणि पाडणारे इंग्रजच होते.

काही जण या मजकुराला सोनसाठी चित्रं काढणाऱ्या जोसेफ गँडीचं १८३० चं चित्र जोडतात: बँक भग्नावस्थेत, म्हणजे ‘सोनला भविष्य दिसलं होतं’. चित्र खरं आहे, भाकीत नाही. सोनला रोमच्या अवशेषांचं वेड होतं, आणि छतं उघडी दाखवली की सगळ्या दालनांची रचना एका नजरेत कळते.

बँकेच्या संग्रहालयात आज बँक स्टॉक ऑफिस पाहता येतं. वरून तसाच उजेड येतो. ते १९८८ मध्ये पुन्हा उभारलेलं आहे.