टायटस मीडने दुसरं काय करायचं होतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगलीच झणझणीत, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममधल्या साम्राज्याबद्दल मी लिहिलं होतं की आल्डमेरी डोमिनियन या एल्फांच्या राज्याशी केलेल्या व्हाइट-गोल्ड तहावर सही झाली त्या दिवशीच ते आतून संपलं. तुम्ही म्हणता, सम्राट टायटस मीड दुसरा याच्यापुढे पर्यायच नव्हता, हॅमरफेल प्रांताचं उदाहरण फसवं आहे आणि मी साम्राज्याविरुद्ध बंड करणाऱ्या उल्फ्रिकचा वकील झालोय. (स्पॉइलर भरपूर आहेत. गेम २०११चा आहे, आता माफी मागत नाही.)

आधी माझी चूक. हॅमरफेल 'साम्राज्यातून फुटलं' असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. तहात दक्षिण हॅमरफेलचा मोठा पट्टा आल्डमेरी डोमिनियनला द्यायचा ठरला, तिथल्या रेडगार्ड लोकांनी ते धुडकावलं आणि तह टिकावा म्हणून सम्राटानेच त्या प्रांतावर पाणी सोडलं. तुमची दुरुस्ती मान्य. पण ती जाते माझ्याच बाजूला, नाही का?

पुढे रेडगार्ड एकटे लढत राहिले आणि चौथ्या युगाच्या १८० साली डोमिनियनला तिथून निघावं लागलं. यावर तुमचा मुद्दा असा, की त्यांच्या फौजेचा कणा साम्राज्याच्याच जुन्या शिपायांचा होता. अगदी बरोबर, आणि हा प्रसंग मला फार आवडतो. साम्राज्याचा जनरल डेसियानस याला सिरोडिल या साम्राज्याच्या मुख्य प्रांतात परतण्याचा हुकूम आला, तेव्हा हॅमरफेल उघडं टाकायला त्याचं मन होईना. मग त्याने बऱ्याच धडधाकट शिपायांना कागदोपत्री जायबंदी ठरवून सैन्यातून मोकळं केलं आणि तिथेच ठेवलं. याच 'जायबंदी' माणसांच्या जोरावर १७४ साली शत्रूला आलिकर वाळवंटापार रेटलं गेलं. हुकूमही पाळला, प्रांतही वाचवला. असे अधिकारी ज्या साम्राज्यात होते त्याला मी दुबळं कसं म्हणेन? माझी तक्रार त्यांच्या मालकाबद्दल आहे.

त्या मालकाचीही बाजू घेऊ. १७५ साली रेड रिंगच्या लढाईत राजधानी परत मिळाली, पण साम्राज्याच्या एकाही लीजनमध्ये (सैन्यदलात) निम्म्याहून जास्त माणसं लढण्यालायक उरली नव्हती. दोन लीजन जवळपास नामशेष झाले होते, आणि आदल्या वर्षी माघारीत गेलेला आठवा लीजन त्यात धरलेलाच नाही. त्या अवस्थेत आणखी लढणं शक्य नव्हतं, हे मी मान्य करतो. पण १७१ साली डोमिनियनचा राजदूत कोणत्या मागण्या घेऊन आला होता ते आठवा: जबर खंडणी, ब्लेड्स ही सम्राटाच्या रक्षक-हेरांची संघटना बरखास्त, टॅलॉस या देवाची पूजा बंद, हॅमरफेलचा मोठा तुकडा. सम्राटाने नकार दिला तेव्हा राजदूताने सोबतची झाकलेली गाडी दरबारात उलटी केली आणि ब्लेड्सच्या शंभराहून जास्त हेरांची मुंडकी फरशीवर घरंगळली. चार वर्षं रक्त सांडून शेवटी सही केली ती जवळपास त्याच कागदावर. तुम्ही म्हणता, वेळ विकत घेतला. चालेल, पण त्या वेळेचं केलं काय? गेम सुरू होतो २०१ साली. म्हणजे सव्वीस वर्षं गेली, आणि हेल्गेन गावात साम्राज्याचा जनरल टुलियस कैद्यांची मुंडकी उडवायला निघतो तेव्हा डोमिनियनवर राज्य करणाऱ्या थॅलमोरची राजदूत एलेनवेन घोड्यावर बसून तिथे हजर असते.

ऱ्हास तहाच्या आधीच सुरू झाला होता, हेही तुमचं बरोबर. मॉरोविंड आणि ब्लॅक मार्श हे प्रांत तर चौथ्या युगाच्या आरंभीच गेले. पण प्रांतांची यादी हा माझ्या लेखी ऱ्हास नाहीच. खरा तडा मार्टिन सेप्टिम या आधीच्या घराण्यातल्या शेवटच्या वारसाच्या बलिदानात आहे, आणि तिथेच हे सेटिंग लिहिणाऱ्यांना मी मानतो. तोवर सम्राट हवाच होता. त्याच्या रक्तात ड्रॅगनचा अंश, गळ्यात राजांचा ताईत, आणि त्याने ड्रॅगनज्योती पेटवल्या तरच ऑब्लिव्हियन या राक्षसी लोकाची दारं बंद राहणार. मार्टिनने ताईत फोडला, तिथल्या मेहरून्स डेगन या राक्षसराजाला हाकललं आणि ती दारं कायमची बंद केली. जग वाचलं, पण त्याच क्षणी जगाला सम्राटाची गरज उरली नाही. नंतर आलेले मीड घराण्याचे लोक कर्तबगार असतील, पण शेवटी तलवारीच्या जोरावर गादीवर बसलेले सरदारच.

अशा गादीकडे सांगण्यासारखं एकच उरतं: आम्ही टायबर सेप्टिमचे वारस. हा टायबर सेप्टिमच पुढे देव झाला, टॅलॉस. तहाने बंदी घातली ती त्याच्याच पूजेवर. ज्याने हे साम्राज्य उभं केलं त्याला नमस्कार करणं साम्राज्यातच गुन्हा! सॉलिट्यूड शहराच्या देवळात आठ देव आणि एक रिकामा कोनाडा आहे, तिथे जरा उभे राहून बघा. जमीन परत जिंकता येते. हे कसं परत मिळवणार?

आता उल्फ्रिक. त्याच्या विंडहेल्म शहरात डनमर (काळ्या एल्फ) लोकांची ग्रे क्वार्टर वस्तीत काय दशा आहे, आर्गोनियन या सरड्यासारख्या लोकांना तटाबाहेर कसं ठेवलंय, हे मी विसरलेलो नाही. थॅलमोरच्या दप्तरातली त्याची फाइलही वाचली आहे: त्यांना उल्फ्रिकचा विजय नकोय, युद्ध चालू राहायला हवंय. माझ्या तिन्ही सेव्हमध्ये, म्हणजे जतन केलेल्या डावांत, मी टुलियसच्या बाजूने लढलोय, तेव्हा वकीलपत्र परत घ्या.

एक मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही: मोटिएर. गेममध्ये मारेकऱ्यांच्या टोळीत गेलात तर तुम्हाला सम्राटाला मारण्याची सुपारी मिळते; ती थॅलमोर देत नाही, उल्फ्रिकही देत नाही. ती देतो हा मोटिएर, साम्राज्याच्याच एल्डर कौन्सिल या राज्यमंडळाचा माणूस. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ते हेच. जहाजावर तुम्ही टायटस मीडसमोर उभे राहता तेव्हा तो दचकत नाही, पहारेकऱ्यांना हाका मारत नाही. फक्त सांगतो, ज्याने हे घडवून आणलं त्यालाही सोडू नकोस.

मी सोडलं नाही. सुपारीची वीस हजारांची रक्कम कुठे ठेवली आहे ते आधी मोटिएरकडून काढून घेतलं, एवढंच.