पाईपवरचं 10 केजी पाण्यासाठी आहे, हवेसाठी नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. थोडक्यात असा: "घरच्या गॅरेजमध्ये कंप्रेसर बसवताय? जीआय (झिंक चढवलेल्या लोखंडी) पाईपात पैसे घालू नका. नळाची पीव्हीसी आणा, सोल्युशन लावा, एका दुपारीत लाईन तयार. पाईपवर 10 केजी लिहिलेलंच असतं आणि कंप्रेसर 8 ला कट होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. आम्ही पाणी भरून 15 केजीला टेस्ट केलीय. फुटलीच तर हवा निघून जाईल, हवाच ती. लोखंडाला गंज येतो, प्लास्टिकमध्ये पाण्याचा त्रास नाही. माझी पाच वर्षं चालू आहे." खाली भरपूर अंगठे, आणि एका पोराने लिहिलंय की उद्याच पाईप आणतो. मुख्यतः त्या पोरासाठी लिहितोय, कारण मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य ऐकायला पटतं आणि तिथेच माणूस फसतो.

आधी ते 10 केजी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 10 किलोचा दाब. घरगुती पाण्याच्या पीव्हीसी पाईपचं भारतीय मानक आहे आयएस 4985, आणि त्याचं नावच पिण्याच्या पाणीपुरवठ्यासाठीची पाईप असं आहे. त्यात 2.5, 4, 6, 8, 10, 12.5 असे प्रेशरचे वर्ग असतात आणि हे आकडे 27 अंश तापमान धरून दिलेले असतात. आता आपलं गॅरेज बघा. वर पत्रा, मे महिना, सोलापूर किंवा जळगाव असेल तर बाहेरच 42-43 अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि त्यात कंप्रेसरच्या हेडमधून (जिथे हवा दाबली जाते तिथून) निघणारी हवा इतकी तापलेली असते की हेडकडून टाकीत जाणाऱ्या तांब्याच्या नळीला हात लावला तर भाजतो. टाकीत थोडी निवते पण सलग काम चाललं की टाकीही गरम होते आणि तीच हवा तुमच्या पाईपात जाते. प्लास्टिक तापलं की त्याची ताकद सरळ उतरते. अमेरिकेत पीव्हीसीची जी टेबलं वापरतात त्यात 23 अंशाला 100 टक्के धरलं तर 43 अंशाला निम्मी राहते आणि 60 अंशाला पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त. म्हणजे तुमचं 10 केजी दुपारी तीन वाजता कदाचित 5 सुद्धा नसतं, आणि कंप्रेसर मात्र त्याच 8 ला कट होतो. शिवाय हवेची गन लावायला कुणी पाईपवर आटे पाडले असतील तर तिथली ताकद अजून निम्मी धरतात.

तरी समजा पाईप जाड वर्गाची घेतली, सावलीत लावली. तरीही नको, आणि ते का ते "पाण्याने टेस्ट केलीय" या मुद्द्यात आहे. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

पाणी दाबलं जात नाही, जवळजवळ नाहीच. हवा दाबली जाते आणि दाबून ठेवलेली हवा म्हणजे दाबून बांधलेली स्प्रिंग. 100 लिटरची टाकी 8 केजीला भरली की त्या हवेत साधारण 100 किलोज्यूल ऊर्जा साठते. ऐकून काही वाटत नाही ना, मग असं बघा, एक टन वजन दहा मीटर उंच उचलायला तेवढीच ऊर्जा लागते. आता तीच टाकी पाण्याने भरून त्याच प्रेशरला नेली तर पाण्यात साठते जेमतेम 15 ज्यूल. लाख एका बाजूला आणि पंधरा दुसऱ्या बाजूला. म्हणूनच टाक्यांची, बॉयलरची टेस्ट पाण्याने करतात, कारण टेस्ट करताना फुटलं तर करणारा माणूस जगावा. पाण्याची टेस्ट पास झाली म्हणजे हवेसाठी पाईप सुरक्षित झाली असं नाही, फक्त एवढंच कळलं की त्या दिवशी, त्या तापमानाला, कुणी हात न लावता ती तेवढा दाब सहन करते.

कुणी म्हणेल लाईनमध्ये कुठे 100 लिटर हवा असते, अर्धा इंची पाईप वीस मीटर टाकली तरी तीन-साडेतीन लिटर. बरोबर आहे. पण मागे टाकी उघडी जोडलेली आहे, व्हॉल्व्ह चालूच असतो, आणि फुटायच्या जागी मागून हवा येतच राहते.

फुटण्याचा प्रकारही वेगळा. पाण्याच्या लाईनला चीर गेली की थोडं पाणी बाहेर पडतं, दाब त्या क्षणी पडतो आणि चीर तिथेच थांबते, तुम्ही बादली घेऊन धावता. हवेत दाब तितक्या लवकर पडत नाही, चीर पुढे पळते आणि हवा तिला मागून ढकलत राहते. पीव्हीसी हा कडक, ठिसूळ तुटणारा माल, तो वाकत नाही, फाटत नाही, त्याचे तुकडे होतात, धारदार, काचेसारखे. "हवाच ती, निघून जाईल" म्हणताना हे तुकडे कुठे निघून जातील हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. ओळखीच्या एका सुताराची पॉलिश करायची शेड, पीव्हीसीची लाईन त्यानेच टाकलेली, तीन वर्षं काही नाही. एका रात्री कंप्रेसरचं बटण बंद करायचं राहिलं आणि कोपऱ्यातला एल्बो (वळणाचा जोड) गेला. सकाळी त्याने फोन केला म्हणून मी गेलो तर समोर उभ्या ठेवलेल्या प्लायच्या शीटमध्ये एल्बोचे दोन तुकडे रुतून बसलेले, एक तर पक्कडीने ओढून काढला. लाईन उघडी राहिल्यामुळे प्रेशर कटपर्यंत पोचलंच नाही, कंप्रेसर रात्रभर पळत राहिला, मोटरचं वाइंडिंग जळालं. त्या प्लायच्या जागी दिवसभर त्याचा पोरगा बसून घासकाम करतो. त्या दिवसापासून हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही.

आणि हे काही माझं एकट्याचं म्हणणं नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ज्याला ओशा म्हणतात, 1988 सालीच जमिनीवरच्या कॉम्प्रेस्ड हवेच्या लाईनला पीव्हीसी वापरू नका अशी सूचना काढली होती, टेक्सासमधल्या एका कारखान्यात पाईप फुटून तुकड्यांनी कामगाराचा हात फाटला होता त्यानंतर. त्या सूचनेत जमिनीत गाडलेल्या किंवा तुकडे अडवणाऱ्या कवचात घातलेल्या पाईपला सूट होती, पण आपल्याकडे लोक लाईन भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावतात.

सीपीव्हीसीचं काय, असं बरेच जण विचारतात कारण ती गरम पाण्याला चालते. तापमान जास्त सोसते हे खरं. पण फुटायची पद्धत तीच, ठिसूळ, आणि वरून काही सिंथेटिक कंप्रेसर ऑइल तिला आतून खातात, बारीक भेगा पडत जातात. तेलाचा अंश हवेबरोबर लाईनमध्ये जातोच. तेव्हा तीही नको.

"माझी पाच वर्षं चालू आहे." असेल, मी खोटं म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाची पाईप आणि पाचव्या वर्षाची पाईप एक नसते. ऊन लागून प्लास्टिक कडक होत जातं, कंप्रेसर 6 ला चालू होतो आणि 8 ला बंद होतो आणि असं दिवसातून कितीदा तरी, प्रत्येक वेळी पाईप थोडी फुगते आणि बसते, त्यात कंप्रेसरची थरथर, होज ओढताना बसणारे हिसके, कधी पाना हातातून सुटून पाईपवर पडतो. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. पाच वर्षं झाली म्हणजे ती लाईन सगळ्यात धोक्याच्या वयात आली, मी तर उलट असंच म्हणेन. शिवाय ज्यांची फुटली ते ग्रुपवर पोस्ट टाकत नाहीत, ते गपचूप दवाखान्यात जातात आणि दुसरी लाईन टाकतात.

आता गंज आणि पाणी. लोखंडाला गंज येतो हे शंभर टक्के खरं, जीआय पाईपचं झिंक आतून गेलं की लाल पावडर सुटते आणि गनमध्ये अडकते. पण "प्लास्टिकमध्ये पाण्याचा त्रास नाही" हे साफ चूक आहे. पाणी पाईपातून येत नाही हो, हवेतून येतं. कोकणात पावसाळ्यात हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 80 टक्के धरा, एका घनमीटर हवेत जवळपास 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तुमचा कंप्रेसर मिनिटाला खरी 150 लिटर हवा देत असेल तर तासाभरात 9 घनमीटर हवा आत ओढतो, म्हणजे 200 ग्रॅमच्या वर पाणी. ती हवा 8 केजीला दाबून परत 30 अंशाला आली की तिला धरून ठेवता येतं फक्त 30 ग्रॅम. बाकीचं 180 मिलीच्या वर पाणी टाकीत, लाईनमध्ये किंवा तुमच्या स्प्रे गनमध्ये, कुठेतरी उतरणारच. रोज टाकीचा ड्रेन कॉक (तळाचं पाणी काढायचा) का उघडायचा ते यावरून कळेल, टाकी आतून कुजते ती याच पाण्याने.

धातूची पाईप हवेतली उष्णता बाहेर टाकते, हवा लाईनमध्येच निवते आणि पाणी तिथेच गळतं जिथून तुम्ही ते काढू शकता. प्लास्टिक उष्णता जवळजवळ सोडतच नाही. त्यामुळे हवा गरमच गनपर्यंत जाते, फिल्टरमधून वाफ म्हणून आरामात पार होते, आणि तोंडाशी दाब सुटून थंड झाली की पाणी जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर उडतं, रंगाला फोड येतात. म्हणजे ज्या त्रासातून सुटायला पीव्हीसी घेतली तोच त्रास वाढतो. बरेच जण एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटरचा एकत्र सेट) टाकीच्या तोंडाशीच बसवतात, तेही याच कारणाने फुकट जातं. तो सहा-आठ मीटर लाईन संपल्यावर, हवा निवल्यावर बसवायचा.

मग करायचं काय. दहा बाय पंधराच्या गॅरेजमध्ये एकच माणूस काम करणार असेल, तर माझं मत विचाराल तर पक्की लाईन टाकूच नका. 20 बारची (एक बार म्हणजे जवळपास एक केजी) चांगली रबरी होज दहा-पंधरा मीटर, दोन्ही टोकांना क्विक कपलर (झटकन लागणारे-निघणारे जोड), भिंतीवर गुंडाळायला एक हूक. एवढ्यात काम होतं. खर्च वाचवायचाच असेल तर तो इथे वाचतो.

दोन-तीन पॉइंट हवेच असतील तर न्यूमॅटिकच्या दुकानात 12 मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) पाईप आणि पुश फिटिंग मिळतात, कापा आणि ढकला. पीयू लवचिक असते, काचेसारखी तुकडे होऊन उडत नाही. पण तिचंही रेटिंग उष्णतेने उतरतं, म्हणून टाकीला थेट नको, टाकीपासून पहिला दीड-दोन मीटर तारेच्या जाळीची किंवा रबरी होज आणि मग पीयू. त्या होजमुळे कंप्रेसरची थरथरही लाईनला जात नाही. कायमची लाईन हवी तर जीआय बी क्लास (मध्यम जाडीची) अर्धा इंची, नाहीतर तांब्याची, फ्रिज-एसीवाल्याकडून ब्रेझिंग (धातू वितळवून पक्का जोड) करून घेतलेली. हवेसाठी बनवलेली अ‍ॅल्युमिनियमची लाईनही मिळते, महाग आहे पण सगळ्यात स्वच्छ. एक अट सगळ्याला लागू, पाईप कुठलीही असो, बनवणाऱ्याने ती कॉम्प्रेस्ड हवेला चालते असं लेखी दिलेलं पाहिजे, दुकानदाराचं तोंडी "चालतंय हो" नको.

जीआय टाकताना लाईनला कंप्रेसरपासून पुढे उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर पुरे. पॉइंट काढताना टी वरच्या बाजूने घ्या आणि वळवून खाली आणा, म्हणजे तळातून वाहणारं पाणी पॉइंटमध्ये उतरणार नाही. शेवटच्या टोकाला एक खाली उतरलेला तुकडा आणि त्याला ड्रेन कॉक. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह पाहिजेच, काम संपलं की तो बंद, बटणही बंद. आट्यांवर टेफ्लॉन नीट गुंडाळा आणि साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघा, कारण 7 बारला फक्त एक मिलीमीटरचं भोक असलं तरी मिनिटाला 70 लिटर हवा जाते, छोट्या कंप्रेसरची जवळपास अर्धी हवा तिथेच संपते. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून कुणी त्याला प्लग मारून ठेवला असेल तर आज नवीन बसवा, त्यात वाद नको.

ज्यांच्याकडे पीव्हीसीची लाईन आधीच आहे त्यांनी ती रंगवून, क्लॅम्प वाढवून वाचवायचा प्रयत्न करू नका. कंप्रेसरचा विजेचा प्लग काढा, ड्रेन कॉक उघडून टाकी रिकामी करा, मग सगळे पॉइंट उघडा. प्रेशरचा काटा शून्यावर आला आणि गनमधून काहीच येत नाही हे दोनदा बघा, त्यानंतरच करवत लावा. पोरांना तेवढा वेळ बाहेर ठेवा. काढलेली पाईप फेकायची गरज नाही, बागेत पाण्याला लावा.